ओंजळीत आलेला मासा

घरात पाखरू, मांजर किंवा मासा पाळणे योग्य की अयोग्य, असा प्रश्न कोणी विचारला तर आपल्यापैकी बहुतेकजण तो हसून सोडून देतील. संसारात याहून थोर प्रश्न पुष्कळ आहेत. वर्षभरापूर्वी मीही असाच हसलो असतो. परंतु गेल्या वर्षी पौष महिन्यात आमच्या घरी एक लहानशी घटना घडली, आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. त्या घटनेत दोष माझाच होता. तो वाचकांपुढे मांडताना संकोच वाटतो. तथापि आपला दोष झाकून दुसऱ्यास दयेचा उपदेश करणे हे त्याहून लाजिरवाणे ठरेल, म्हणून जे घडले ते प्रथम सांगतो.

नाताळच्या सुट्टीत माझा आठ वर्षांचा भाचा आमच्याकडे बडोद्यास राहावयास आला होता. त्याने मासा पाळण्याचा हट्ट धरला. मामाने भाच्याचे लाड पुरवावेत ही रीतच आहे. मी त्याला बाजारात एका दुकानी नेले. तेथे फळीवर झाकणाच्या प्लास्टिकच्या पेल्यांची रांग लावलेली होती आणि प्रत्येक पेल्यात एकेक मासा होता. दोन पेल्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा उभा केलेला होता. तो कशासाठी, असे विचारता दुकानदार म्हणाला, "हे फायटर मासे. एकमेकांना पाहिले की चवताळतात." भाच्याने एक मोरपिशी निळा मासा पसंत केला. त्याचे पर जरीच्या पदरासारखे लांब असून त्यांच्या कडांवर कुंकवासारखी लाली होती. काय काय लागेल, हे विचारल्यावर उत्तर मिळाले, "याला काही लागत नाही. वाटीभर पाण्यातही जगतो." हे ऐकून मला बरे वाटले. ज्याला काही लागत नाही असा पाहुणा कोणास नको असतो?

घरी लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी होती. ती धुऊन तीत मासा सोडला आणि बैठकीच्या कोनाड्यात ठेवला. स्वच्छतेच्या हौसेने मी एक दिवसाआड बरणीतले सगळे पाणी ओतून टाकी व नळाचे थंडगार पाणी भरी. बरणीसमोर आरसा धरला की मासा गालांची झाकणे फुगवी, पर पंख्यासारखे पसरी आणि काचेवर धाव घेई. भाच्याने हा खेळ शोधून काढला आणि आल्यागेल्यास तो दाखविण्याची प्रथाच पडली. सर्वजण कौतुकाने हसत. मीही हसलो. नवव्या दिवशी सकाळी मासा बरणीच्या तळाशी एका कुशीवर पडलेला आढळला.

भाच्याने रडून घर डोक्यावर घेतले. शेजारच्या काकू समजूत काढावयास आल्या. त्या म्हणाल्या, "रडू नकोस रे बाळा. घरातला मासा गेला म्हणजे घरावरचे संकट त्याने आपल्या अंगावर घेतले असे समजावे." हे वाक्य मला फार गोड लागले. खरे सांगावयाचे तर भाच्यापेक्षा मलाच त्याची गरज होती. तेवढ्यात आप्पा, म्हणजे माझे वडील, मंदिरातली पूजा आटोपून आले. त्यांनी सर्व ऐकून घेतले, बरणी हातात घेतली आणि बोट पाण्यात बुडवून पाहिले. काकू गेल्यावर ते मला एवढेच म्हणाले, "आपल्यावरचे संकट त्याने घेतले नाही. त्याच्यावरचे संकट आपण आणले." नंतर त्यांनी भाच्यास जवळ बोलावले आणि दोघांनी मिळून परसातल्या प्राजक्ताखाली मासा पुरला.

आप्पा कठोर स्वभावाचे नाहीत. म्हणूनच ते वाक्य मला लागले. त्यानंतर दोन महिने मी मिळेल तेथून या माशाची माहिती वाचली. जे वाचले त्यातले थोडे येथे देतो, कारण अज्ञानाने झालेल्या चुकीचे परिमार्जन ज्ञानानेच आरंभिले पाहिजे.

हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. तेथील भातखाचरे, दलदली व पाणवनस्पतींनी भरलेली संथ, उथळ, उबदार पाणथळे हे त्याचे माहेर. थाई भाषेत त्याला 'प्लाकाट' म्हणतात; त्याचा अर्थ चावणारा मासा. नरांची झुंज लावून पैजा मारण्याचा छंद त्या देशात पुरातन आहे. एकोणिसाव्या शतकात या झुंजी भरविण्याचा परवाना मक्त्याने दिला जाई व त्याचे उत्पन्न सयामच्या राजाच्या खजिन्यात जमा होई. डॉक्टर थिओडोर कँटर यांनी १८४९ साली या माशाचे वर्णन युरोपातील पंडितांपुढे मांडले. परंतु त्यांची ओळख चुकली होती. ती पुढे चार्ल्स टेट रीगन यांनी सुधारली आणि १९१० साली 'बेट्टा स्प्लेन्डेन्स' हे नाव दिले. यातील 'स्प्लेन्डेन्स' या लॅटिन शब्दाचा अर्थ झळाळणारा, तेजस्वी असा आहे. २०१९ साली थायलंडने त्यास आपला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाप्रमाणे मनुष्याने या माशास पाळीव करून किमान हजार वर्षे लोटली आहेत. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या रचनेपूर्वीपासून हा जीव माणसाच्या भांड्यात राहत आला आहे.

आता दुकानदाराच्या वाक्याकडे वळू. तो असत्य बोलला नव्हता. इतर बहुतेक मासे केवळ कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेतात. या माशाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूस घड्याघड्यांचे एक विशेष इंद्रिय असते. त्याच्या योगे तो पृष्ठभागावर येऊन आपल्यासारखी हवा घेऊ शकतो. ज्या कोंदट पाण्यात दुसरा मासा गुदमरून मरेल तेथे हा तग धरतो. दुष्काळी पाणथळीत निभाव लागावा म्हणून निसर्गाने त्यास ही देणगी दिली आणि माणसाने त्याच देणगीचा आधार घेऊन त्यास पेल्यात बसविले. सोसण्याची शक्ती ज्याच्या अंगी अधिक, त्याच्या वाट्यास सोसणे अधिक येते. हे आपण माणसांच्या संसारातही पाहतोच. जी सून तक्रार करीत नाही तिच्याच डोक्यावर कामे चढत जातात, तसाच हा प्रकार होय.

मराठीत दोन शब्द आहेत: जगणे आणि नांदणे. लेक सासरी 'जगते' का, असे आपण विचारीत नाही. ती नांदते का, असे विचारतो. वाटीभर पाण्यात हा मासा काही काळ जगतो. तो तेथे नांदत नाही. त्याच्या नांदण्यास काय लागते, हे जाणकारांनी सांगून ठेवले आहे. पाणी साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस उबदार असावे. माझ्या बरणीतले पौषातले पाणी त्याहून कितीतरी थंड होते. पाणी थोडे असले की ते लवकर गार होते आणि लवकर नासते. म्हणून निदान वीस लिटरांच्या आसपास पाण्याची पेटी असावी. माशाच्या मलमूत्रातून पाण्यात अमोनिया जमतो. मोठ्या, स्थिरावलेल्या पेटीत सूक्ष्म जंतू त्याचे पुढे कमी घातक अशा द्रव्यांत रूपांतर करतात. हे जंतू वसावयास काही आठवडे लागतात, आणि जो सगळे पाणी ओतून पेटी घासतो तो त्यांचे घरच मोडतो. नळाच्या पाण्यातले क्लोरिन माशाच्या कल्ल्यांस जाळते. तेव्हा आठवड्यास पाण्याचा चतुर्थांश भाग, तोही क्लोरिन काढलेला व पेटीतल्या पाण्याइतका कोमट करून बदलावा. एवढे वाचल्यावर माझ्या ध्यानात आले की ज्याला मी स्वच्छता समजत होतो ती त्या जीवास दर दोन दिवसांनी येणारी आपत्ती होती.

येथे कोणी म्हणेल, "तुझा हेतू वाईट नव्हता, मग दोष कसला?" हा युक्तिवाद मी स्वतःशी अनेकदा केला आहे. हेतूचे मोल आहे, यात संशय नाही. जाणूनबुजून छळणारा आणि नकळत मारणारा यांना एका तराजूत घालणे अन्याय होईल. परंतु नकळत घडलेल्या गोष्टीचेही दोन प्रकार आहेत. रस्त्याने चालताना पायाखाली मुंगी आली, हा एक. ती तेथे आहे हे मला ठाऊक नव्हते, आणि तिला तेथे मी आणली नव्हती. माझ्या माशाची गोष्ट वेगळी होती. त्याला मी दाम मोजून, हौसेने, आपल्या घरी आणले. ज्या क्षणी बरणीचे झाकण मी लावले त्या क्षणापासून त्याला दुसरे पाणी, दुसरी सावली, दुसरे अन्न शोधण्याची मुभा राहिली नाही. ज्याचे सर्व मार्ग आपण बंद केले त्याच्या गरजा जाणून घेणे हे आपल्यावर बंधनकारक होते. असे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही. तेच अपराधाचे मूळ होय.

आरशाच्या खेळाविषयीही लिहिले पाहिजे, कारण मला सर्वांत अधिक लाज त्याची वाटते. मासा फुगतो, परांचा पिसारा करतो, रंगाने तेजाळतो. तो नाचतो असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः आपल्या जागेत दुसरा नर शिरला, या समजुतीने तो सर्व बळ एकवटून त्यास भिवविण्याचा यत्न करीत असतो. रानातल्या पाणथळीत अशा झुंजी बहुधा लवकर मिटतात, कारण हरणाऱ्यास पळून जाण्यास जागा असते. बरणीत पळण्यास जागा नसते, आणि आरशातला शत्रू तर कधीच पळत नाही. ज्यास आम्ही त्याचे सौंदर्य म्हणून टाळ्या दिल्या तो त्याचा संताप होता, आणि पाहुण्यांच्या करमणुकीसाठी तो दिवसातून चारदा उत्पन्न केला जात होता. दुसऱ्याच्या क्रोधावर किंवा भीतीवर आपली करमणूक उभारणे हे पाप तलवारीने होत नाही. लहान आरशानेही होते.

हा केवळ हळव्या मनाचा विचार आहे असे कोणास वाटेल, म्हणून कायद्याचाही दाखला देतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. त्यात 'प्राणी' या शब्दाची व्याख्या मनुष्याव्यतिरिक्त कोणताही सजीव अशी व्यापक केलेली आहे. हालचालीस पुरेशी उंची, लांबी व रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात वा भांड्यात प्राण्यास कोंडणे हा त्या कायद्याने अपराध मानला आहे. केवळ करमणुकीसाठी एका प्राण्यास दुसऱ्याशी झुंजण्यास चिथावणे हाही अपराधच होय. बरणीतल्या माशासाठी कोणी न्यायालयात जाणार नाही. परंतु कायद्याने जे स्थूलमानाने सांगितले ते धर्माने अधिक सूक्ष्मपणे पाळावयास हवे, एवढे तरी आपण मान्य कराल.

धर्माचा विषय निघाला म्हणून मत्स्यावताराची कथा आठवते. ती आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु प्रलय, नौका आणि सप्तर्षी यांकडे आपले लक्ष इतके वेधलेले असते की आरंभीचा भाग निसटून जातो. शतपथ ब्राह्मणात सांगितले आहे की प्रातःकाळी हात धुण्याच्या पाण्याबरोबर एक चिमुकला मासा मनूच्या हातात आला. मोठे मासे लहानांस गिळतात, माझे रक्षण कर, अशी त्याने प्रार्थना केली. महाभारताच्या वनपर्वातही ही कथा विस्ताराने आहे. मनूने दयेने त्यास रांजणात ठेवले आणि पुत्रवत् सांभाळले. रांजण अपुरा पडला तेव्हा त्यास मोठ्या वापीत नेले. वापी अपुरी पडली तेव्हा गंगेत, आणि गंगाही अपुरी पडली तेव्हा समुद्रात नेऊन सोडले.

या कथेतल्या तीन गोष्टी माझ्या प्रश्नाशी जुळतात. पहिली अशी की मनू मासा शोधीत गेला नव्हता. मासा भयग्रस्त होऊन त्याच्याकडे आला. दुसरी अशी की मनूने त्यास भांड्यात ठेवले, यात दोष मानलेला नाही. मोठ्यांच्या तोंडून वाचविण्यासाठी काही काळ भांडे हेच योग्य स्थान होते. म्हणून जीव भांड्यात ठेवणे हे सर्वथा पापच, असे म्हणणाऱ्यांस ही कथा आधार देत नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भांडे किती मोठे असावे हे माशाच्या देहाने ठरविले. मनूच्या घरातल्या कोनाड्याने ठरविले नाही. आम्ही मात्र कोनाडा मोजला, त्यात मावेल अशी बरणी निवडली आणि बरणीत मावेल असा मासा आणला. सांभाळणे आणि मिरविणे यांतला फरक येथेच आहे. सांभाळणारा आश्रिताच्या मापाने आपले घर बदलतो. मिरविणारा आपल्या घराच्या मापाने आश्रित निवडतो.

यावर एक आक्षेप विचारी माणसेही घेतात. हे मासे पेल्यातच जन्मलेले, पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले. ज्याने खाचर पाहिलेच नाही त्याला खाचराचे दुःख कसले? हा आक्षेप वजनदार आहे. तथापि एक वस्तुस्थिती त्यास उत्तर देते. या माशाचा नर लाळेने बांधलेल्या हवेच्या बुडबुड्यांचे घरटे पाण्याच्या पृष्ठभागावर करतो. मादीने घातलेली अंडी तो तोंडाने उचलून त्या घरट्यात ठेवतो, खाली पडलेली पुन्हा वर नेतो, आणि पिले पोहू लागेपर्यंत अहोरात्र पहारा देतो. चावणारा म्हणून ज्याची ख्याती, तोच असा वत्सल पिता आहे! आणि एकट्या बरणीत, मादी नसतानाही, तो असे घरटे बांधतो. त्याला कोणी शिकविले नाही. त्याने कोणाचे पाहिले नाही. खाचर त्याच्या स्मृतीत नसले तरी त्याच्या देहात आहे. ज्याने मुक्ती पाहिली नाही त्याला बंधन जाणवत नाही, असे म्हणणे सोयीचे आहे. पण सोयीचे ते खरेच असते असे नाही.

मग दुसऱ्या टोकास जाऊन कोणी म्हणेल, सर्वांना सोडून द्यावे. माझ्याही मनात हेच आले होते. पहिला मासा मेला तेव्हा भाचा हुंदके देत म्हणाला होता, "मामा, आपण त्याला सुरसागरात सोडायला हवे होते." परंतु हेही दिसते तितके सोपे नाही. आपल्या तलावात हा मासा परका आहे. माणसाने शोभेसाठी वाढविलेल्या लांब परांमुळे त्यास चपळाईने पळता येत नाही. पहिल्याच दिवशी तो कोणाचे तरी भक्ष्य होईल. आणि तगला, तर दुकानातल्या पाण्यातले रोग तलावातल्या माशांस देईल. हजार वर्षे ज्या कुळास माणसाने आपल्या आधीन केले त्यास एका संध्याकाळी पाण्यात फेकून 'मी मुक्त केले' असे म्हणणे, हे म्हाताऱ्या बैलास रस्त्यावर सोडून गोदान केल्याचे पुण्य मागण्यासारखे आहे. मनूनेही मासा समुद्रात सोडला तो समुद्रात राहण्याजोगा झाल्यावर. सोडून देणे आणि टाकून देणे हे दोन निराळे व्यवहार होत.

आपल्या परंपरेत माशाशी नाते जोडण्याचा आणखी एक मार्ग आहे, त्याचेही स्मरण करून देतो. शृंगेरीस तुंगेच्या घाटावर मठाच्या छायेत माशांचे थवे निर्भयपणे वावरतात. महाड तालुक्यात वाळणच्या कोंडीत काळ नदीचे मासे देवीचे म्हणून राखलेले आहेत. तेथे भाविक मूठभर दाणे टाकतो, मासे वर येतात, खातात आणि खोल पाण्यात निघून जातात. त्यांच्यावर कोणाचा हक्क नाही आणि ते कोणाच्या कोनाड्याची शोभा नाहीत. पाहण्याचा आनंद तर तेथेही मिळतो. ज्याला माशाचे केवळ दर्शन हवे आहे त्याने मासा घरी आणण्यापूर्वी अशा घाटावर एकदा बसून पाहावे. कदाचित त्याची हौस तेथेच भागेल.

आता कथेचा उत्तरार्ध. चैत्रात आमच्या गल्लीतले एक बिऱ्हाड पुण्यास बदली होऊन निघाले. त्यांच्या घरी असाच एक फायटर मासा होता, विटकरी रंगाचा, काचेच्या गोल भांड्यात. प्रवासात त्याचे काय करावे, या विवंचनेत ते होते. त्या घरच्या वहिनी भांडे पदराखाली धरून आमच्या दारी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीच ठेवा भाऊजी. नाहीतर गटारात ओतण्यावाचून गत्यंतर नाही." मी आप्पांकडे पाहिले. घेऊ नये असे मला वाटत होते, कारण एकदा मारल्यावर पुन्हा हात पुढे करण्याचे धैर्य नव्हते. आप्पा म्हणाले, "मागचा तू आणलास. हा आला आहे." मी भांडे घेतले. मग ते पुढे म्हणाले, "आला म्हणून तो तुझा झाला असे समजू नकोस. आला म्हणून तू त्याचा झालास."

त्या वाक्याचा अर्थ पुढे दिवसेंदिवस उलगडत गेला. जुनी का होईना पण वीस लिटरांची पेटी मिळविली. तीत पाणवनस्पती लावल्या, एक मातीचे फुटके बोळके लपावयास ठेवले, आणि पाणी तपासून पाहीपर्यंत त्यास तात्पुरत्या भांड्यात रोज थोडे थोडे पाणी बदलून सांभाळले. हिवाळ्यासाठी पाणी कोमट ठेवणारे विजेचे लहान यंत्र घेतले. पेटीवर झाकण आहे, कारण हा मासा उडी मारून बाहेर पडतो. पण झाकण व पाणी यांमध्ये हवा घेण्यास जागा ठेवली आहे. रात्री दिवा मालवतो, कारण त्यालाही अंधार व विसावा लागतो. आरसा घरात एकच आहे आणि तो मुंजीच्या वेळचा भिंतीवर ठोकलेला आहे.

खरा पेच पडला तो अन्नाचा. हा मासा मांसाहारी आहे. रानात तो पाण्यातले किडे व डासांच्या अळ्या खातो. पुजाऱ्याच्या घरात हे कसे चालावे? दुकानात त्याच्यासाठी बारीक दाणा मिळतो. पण त्यातही माशांचाच चुरा असतो. डबीवरचे सुंदर चित्र पाहून ते विसरता येते, एवढेच. मी कणकेच्या बारीक गोळ्या टाकून पाहिल्या. त्याने तोंडात घेतल्या व थुंकून टाकल्या. आषाढी एकादशीस तर भाच्याने मोठ्या भक्तीने त्याला साबुदाणा घातला! तो तळाशी फुगून पडला आणि पाणी गढूळ झाले. आप्पा हसले व म्हणाले, "बाळा, उपवास ज्याचा त्याने करावा. त्याच्या पोटावर आपला नेम लादू नये." तेव्हापासून आम्ही त्यास त्याचाच दाणा मोजका घालतो.

परंतु प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. एका जीवाच्या पोषणासाठी इतर जीवांचा चुरा माझ्या हातून पडतो आहे, हे मला दररोज ठाऊक असते. आमच्या शेजारी जैन कुटुंब आहे. त्यांचे म्हणणे असे की याच कारणासाठी असा प्राणी विकत आणूच नये, आणि मला ते पटते. विकत घेणारा पुढच्या पेल्याची मागणी करतो. एक मासा नेला की दुकानदार त्या जागी दुसरा मांडतो. मात्र जो दारी आला, ज्याला जावयास दुसरे ठिकाण नाही, त्याला त्याच्या स्वभावाविरुद्ध अन्न घालून हळूहळू मारणे ही अहिंसा नव्हे. आपले सोवळे राखण्यासाठी दुसऱ्याने उपाशी मरावे, हा सौदा धर्म मान्य करील असे मला वाटत नाही.

शेजारच्या काकूंच्या समजुतीकडे शेवटी परत येतो. मासा संकट अंगावर घेतो, पेटी अमुक दिशेस ठेवली म्हणजे लक्ष्मी नांदते, असे आपल्यापैकी अनेक घरांत मानतात. कोणाच्या श्रद्धेस धक्का देण्याचा माझा अधिकार नाही. काकूंनी ते वाक्य एका मुलाचे अश्रू पुसण्यासाठी उच्चारले आणि त्यामागची माया मी विसरलेलो नाही. परंतु या समजुतीचा परिणाम काय होतो, ते मी स्वतःच्या मनात पाहिले आहे. मासा मेला की घरधनी हात जोडतो, नवा मासा आणतो आणि पाणी का नासले याचा विचार करीत नाही. ज्या समजुतीमुळे आपला दोष दुसऱ्याच्या बलिदानात रूपांतरित होतो ती समजूत, कितीही गोड असली तरी, घरात ठेवू नये. लक्ष्मी नांदावयाची असेल तर ज्या घरी मुका आश्रितही नांदतो त्या घरी ती अधिक संतोषाने नांदेल, असे मानावयास काय हरकत आहे?

हे मासे सामान्यतः दोन-चार वर्षेच जगतात. आमच्याकडे आलेला विटकरी मासा आला तेव्हाच प्रौढ होता. तो फार काळ राहणार नाही, हे भाच्यास मी आताच सांगून ठेवले आहे. तो जाईल तेव्हा भाचा पुन्हा रडेल, आणि रडावेही. त्या वेळी कोणत्याही समजुतीचा आधार न घेता, "आपल्याकडून जे व्हावयास हवे होते ते झाले," एवढे वाक्य त्याच्यापुढे उच्चारता यावे, अशी माझी इच्छा आहे. ते तेव्हा खरे असावे म्हणून आज पाणी बदलावयाचे असते. त्याच्यानंतर दुसरा मासा विकत आणावयाचा नाही, हे आम्ही दोघांनी ठरविले आहे. कोणी दारी घेऊन आला, तर पेटी तयार आहे.

मी शास्त्री नव्हे. माझे शिक्षण शाळेपुरते झाले आहे आणि वयही उपदेशाचे नाही. लहान तोंडी मोठा घास घेतला असल्यास वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. परंतु मंदिराच्या सभासद कुटुंबांपैकी ज्यांच्या घरी अशी पेटी, पिंजरा वा भांडे असेल त्यांनी आज सायंकाळी दिवा लावल्यावर क्षणभर त्याच्याजवळ उभे राहावे, पाण्यात बोट बुडवून ते गार आहे का पाहावे, आणि आतला जीव जगतो आहे की नांदतो आहे, एवढे स्वतःस विचारावे, ही नम्र विनंती.